सगळे क्रेडिट घेऊ म्हणतात, मग वर्षं किती लागतील?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या. गेली बारा वर्षं कुटुंब कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतं. ग्रीन कार्ड झालेलं आहे. मुलगा 20 वर्षांचा. हायस्कूलनंतर हव्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, म्हणून तो घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजात, गेला. दोन वर्षं इथे आणि पुढची दोन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, असा घरचा हिशोब होता. पहिलं वर्ष त्यानं बिझनेसचे विषय घेतले, मग मेकॅनिकल इंजिनिअरिंगकडे वळला. आता त्याची 66 युनिटं, म्हणजे क्रेडिट, झाली आहेत आणि ग्रेड चांगल्या आहेत. पण मेकॅनिकलसाठी लागणारं कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि स्टॅटिक्स अजून बाकी आहे. मुलगा म्हणतो, तिसरं वर्ष इथेच काढतो. तेवढ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठानं कळवलं, "सगळे क्रेडिट घेऊ, ऑगस्टमध्येच या." स्कॉलरशिप वजा करून वर्षाची फी 38 हजार डॉलर. ताईंना वाटतं, एक वर्ष फुकट घालवण्यापेक्षा त्याला तिकडे पाठवावं. त्या कॉलेजात चौकशीला गेल्या, तर त्यांना काहीही सांगायला नकार मिळाला. "माझे मिस्टर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेले होते, त्यांचं एकही वर्ष गेलं नाही. मग याचंच का?" असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात "वर्ष वाया" हे शब्द चार ठिकाणी आले आहेत. त्यामागची काळजी मला कळते. नातेवाइकांचे फोन येतात, बरोबरीची मुलं डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेली असतात, आणि आपला मुलगा अजून घरून डबा घेऊन निघतो. पण निर्णय घेण्याआधी एक गोष्ट तपासून पाहू. त्या खासगी विद्यापीठात गेल्यानं ते वर्ष खरोखर वाचणार आहे का? तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून मला तसं वाटत नाही.

मिस्टरांच्या उदाहरणापासूनच सुरुवात करते. महाराष्ट्रात डिप्लोमा झालेला विद्यार्थी थेट द्वितीय वर्षाला जातो, तेव्हा त्याचा सगळा डिप्लोमा एकगठ्ठा धरला जातो. "तुझं अमुक गणित आमच्या अमुक गणिताशी जुळतं का" असं प्रत्येक विषयाचं कुणी विचारत नाही. अमेरिकेत नेमकं तेच विचारलं जातं, तेही एकेका कोर्सबद्दल, आणि प्रत्येक विद्यापीठाचं, प्रत्येक शाखेचं उत्तर वेगळं असू शकतं. शिवाय दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं डिग्री मिळून सहा होतात. बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार मिळूनही सहाच. त्यांचं वर्ष गेलं नाही, कारण ती रचनाच तशी बसवलेली आहे. आणि एकगठ्ठा धरल्यामुळे विषयांमधली दरी बुजते असंही नाही. डिप्लोमावरून आलेल्या अनेक मुलांना तिसऱ्या सेमिस्टरचं गणित फार जड जातं. मिस्टरांना विचारून बघा, ते कदाचित त्याबद्दल बरंच सांगतील.

आता त्या "सगळे क्रेडिट घेऊ" या वाक्याकडे येऊ. क्रेडिट घेणं म्हणजे ते तुमच्या खात्यावर मांडणं. डिग्रीच्या कुठल्या अटीपोटी ते मोजणार, हा त्यापुढचा प्रश्न आहे. तुमच्या मुलाचा अकाउंटिंगचा कोर्स कुठलंही विद्यापीठ आनंदानं घेईल, पण मेकॅनिकलच्या डिग्रीत तो फार तर मोकळा इलेक्टिव्ह म्हणून बसेल, आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात मोकळ्या इलेक्टिव्हना जागा फार थोडी असते. इकॉनॉमिक्सचे कोर्स सोशल सायन्सच्या अटीत बसतील, म्हणजे ते कामी येतील. बीजगणितावर आधारलेलं जे फिजिक्स त्यानं पहिल्या वर्षी केलं, ते इंजिनिअरिंगला चालत नाही, आणि ही चूक कम्युनिटी कॉलेजांमधली मुलं फार वेळा करतात. दोन्ही कोर्सच्या नावात फिजिक्स असतं, दोन्ही ट्रान्स्फर होतात, युनिटंही जवळपास सारखी असतात, त्यामुळे वेळेवर कुणी सांगितलं नाही तर फरक लक्षातच येत नाही.

ही अडचण एकट्या तुमच्या घरची नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा, म्हणजे जीएओचा, 2017 सालचा अहवाल आहे. 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरीनं अंदाजे 43 टक्के क्रेडिट गमावले, असं त्यात म्हटलं आहे. एका सरकारी संस्थेतून दुसऱ्या सरकारी संस्थेत जाणाऱ्यांचं नुकसान त्या मानानं कमी, पण तेही 37 टक्के होतं. आणि हे झाले नव्या ठिकाणी न घेतलेले क्रेडिट. घेतले, पण डिग्रीच्या कामी आले नाहीत, ते वेगळेच.

मेकॅनिकलचे विषय साखळीनं येतात. कॅल्क्युलसवालं मेकॅनिक्सचं फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही. स्टॅटिक्सशिवाय डायनॅमिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नाही. ते झाल्याशिवाय मशीन डिझाइन नाही, डिफरन्शियल इक्वेशन्सशिवाय फ्लुइड्स आणि हीट ट्रान्स्फर नाही, आणि हे सगळं होईपर्यंत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नाही. तुमचा मुलगा ऑगस्टमध्ये तिकडे गेला, तरी त्याला सुरुवात त्या फिजिक्सपासूनच करावी लागेल. खात्यावर 66 क्रेडिट असतील, पण शाखेच्या साखळीत तो दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी उभा असेल. तिथून डिग्रीपर्यंत तीन वर्षं धरा. म्हणजे ज्या वर्षाला तुम्ही वाया म्हणता, ते दोन्ही वाटांवर आहेच. एका वाटेवर ते 38 हजार डॉलरला पडतं. दुसऱ्या वाटेवर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे 46 डॉलर फी आहे. वर्षात 24 युनिटं घेतली तरी 1,104 डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ शुल्क. त्यानंतर यूसीत रहिवाशांची ट्यूशन आणि सामाईक फी मिळून वर्षाला साधारण 15 हजार डॉलर होते. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे वेगळा.

स्कॉलरशिपबद्दल तुम्ही काहीच खोलात लिहिलेलं नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना दिलेली स्कॉलरशिप पुष्कळदा ठरावीक सेमिस्टरांपुरती असते. ती चार सेमिस्टरांची असेल आणि डिग्रीला सहा लागली, तर शेवटची दोन पूर्ण फीनं भरावी लागतील. किती जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, राखावा लागतो, तो घसरला तर काय होतं, हेही विचारायला हवं.

म्हणून पहिलं काम मुलानं करायचं आहे. त्यानं त्या विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागाला ईमेल लिहावी. ॲडमिशन ऑफिसला फक्त प्रत पाठवावी, कारण ॲडमिशन ऑफिस बोलवण्याचं काम करतं आणि कुठला कोर्स कुठे मोजायचा ते विभाग ठरवतो. ईमेलमध्ये ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, जोडून मागावं की माझ्या प्रत्येक कोर्सपुढे तो तुमच्या डिग्रीतल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरणार ते लिहून द्या, आणि उरलेल्या कोर्सचं सेमिस्टरनिहाय वेळापत्रक द्या. डिग्री ऑडिट म्हटलं की त्यांना कळतं. स्टॅटिक्ससारखे कोर्स ते दर सेमिस्टरला शिकवतात की वर्षातून एकदाच, हेही विचारावं. वर्षातून एकदाच असेल तर एक कोर्स हुकला की अख्खं वर्ष लांबतं. आणि त्यांच्या मेकॅनिकलच्या पदवीला इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या एबेट या संस्थेची मान्यता आहे का, हे पाहून घ्यावं. पुढे प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स काढायचं झालं तर त्याचा फार फरक पडतो. अशी लेखी उत्तरं द्यायला जे विद्यापीठ टाळाटाळ करेल, तिथे डिपॉझिट भरू नका, असं मी तुम्हाला अगदी आग्रहानं सांगते.

कॅलिफोर्नियात राहण्याचा मोठा फायदा असा की इथे ही जुळवाजुळव आधीच करून ठेवलेली आहे. 1960 च्या मास्टर प्लॅनपासून, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यापासून, कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याची वाट या राज्याच्या रचनेचाच भाग आहे. आज राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि यूसीत ट्रान्स्फर होऊन येणारी बहुतेक मुलं त्यांच्यातूनच येतात. असिस्ट डॉट ऑर्ग हे राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. तिथे आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि शाखा निवडली की डावीकडे विद्यापीठाचा कोर्स आणि उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स दिसतो. समोर काहीच नसेल तर तो कोर्स इथे मिळत नाही, असं समजायचं. हे फक्त कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांसाठी आहे, यूसी आणि कॅलिफोर्निया स्टेट, म्हणजे सीएसयू. खासगी आणि बाहेरच्या विद्यापीठांची माहिती तिथे नसते, म्हणून वरची ईमेल लिहावी लागते.

ज्यांची मुलं आत्ता पहिल्याच सेमिस्टरला आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की आवडीच्या तीन-चार विद्यापीठांची असिस्टची पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाला लागणारा कोर्स दुसऱ्याला लागतोच असं नाही. फिजिक्स किंवा कॅल्क्युलसची मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करणं सुरक्षित; अर्धी इथे आणि अर्धी शेजारच्या कॉलेजात केली तर काही वेळा ती मालिका जुळत नाही. शाखेचे कोर्स पास-नो पासवर घेऊ नका, ग्रेड घ्या. हायस्कूलमध्ये एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा दिल्या असतील तर त्यांचे स्कोअर कॉलेज बोर्डाकडून थेट विद्यापीठाला पाठवावे लागतात, कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरून ते आपोआप जात नाहीत. जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे शाखेबाहेरच्या सगळ्यांना लागणाऱ्या विषयांसाठी, 2025 च्या फॉलपासून (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रापासून) कॅलगेटसी हा एकच सामाईक संच यूसी आणि सीएसयू दोन्हींना चालतो, पण इंजिनिअरिंगच्या मुलांनी आधी शाखेची तयारी पूर्ण करावी, जनरल एज्युकेशन थोडं मागे राहिलं तरी चालतं. तुमच्या मुलानं पहिल्या वर्षी उलट केलं, आणि बहुतेक मुलांना तसंच करायला सांगितलं जातं.

तुमची आणखी एक भीती पत्रात आहे. कुणीतरी सांगितलं की 70 युनिटांच्या वर गेलं की यूसी प्रवेशच देत नाही. तसं नाही. कम्युनिटी कॉलेजातली जास्तीत जास्त 70 सेमिस्टर युनिटं यूसी डिग्रीच्या एकूण आकड्यात धरते. त्यावरची युनिटं आकड्यात येत नाहीत, पण त्या कोर्सनं जी अट पूर्ण होते ती पूर्णच धरली जाते. म्हणजे 66 च्या पुढे केलेलं फिजिक्स आणि स्टॅटिक्स पाण्यात जाणार नाही, आणि नुसत्या कम्युनिटी कॉलेजच्या युनिटांमुळे प्रवेश अडत नाही.

टॅग, म्हणजे ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी, ही कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना मिळणारी प्रवेशाची हमी आहे. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज सप्टेंबरच्या 1 ते 30 तारखेत करायचा, तोही एकाच कॅम्पसला. जीपीएची आणि कोर्सची अट प्रत्येक कॅम्पसची वेगळी असते, आणि सगळ्या शाखा टॅगमध्ये नसतात. सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला, उदाहरणार्थ, टॅग नाही. यूसी दर वर्षी टॅगचा तक्ता काढते, त्यात मेकॅनिकलची ओळ त्यानं स्वतः वाचावी. टॅग केलं तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूसीचा मुख्य अर्ज करावाच लागतो, आणि जानेवारीत नव्या ग्रेड भरून तो अद्ययावत करावा लागतो. हा जानेवारीचा टप्पा मुलं विसरतात. त्याच मुख्य अर्जात टॅग नसलेले कॅम्पसही निवडता येतात, आणि सीएसयूचा अर्जही त्याच सुमाराला असतो. तुम्ही बे एरियात आहात तर सॅन होजे स्टेटचं मेकॅनिकल त्यानं नक्की बघावं. घरी राहून शिकता येईल अशी ती चांगली सरकारी वाट आहे. स्पर्धा तिथेही आहे, म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नये.

तिसऱ्या वर्षाबद्दल मी मुलालाही काही विचारलं असतं. ते वर्ष दोन कोर्स आणि बाकी वेळ मोकळा असं जाणार असेल, तर तुमची अस्वस्थता रास्त आहे. फिजिक्सचे दोन कोर्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, स्टॅटिक्स, जमलं तर इंजिनिअरिंग ग्राफिक्स किंवा प्रोग्रामिंग, असं दोन सेमिस्टरांचं भरीव वेळापत्रक त्यानं लिहून काढावं. स्टॅटिक्स त्याच्या कॉलेजात त्या सेमिस्टरला नसेल तर दुसऱ्या कॉलेजात करता येतो. बे एरियात ओहलोनी, शाबो, डी आन्झा, फूटहिल अशी कॉलेजं गाडीनं गाठता येतील एवढ्या अंतरावर आहेत. मात्र नाव नोंदवण्याआधी त्या कॉलेजचा कोर्स असिस्टवर जुळतो का, ते पाहावं. आर्थिक मदतीसाठी पूर्ण वेळ विद्यार्थी राहायचं असेल तर सेमिस्टरला 12 युनिटं लागतात, हे वेळापत्रक करताना ध्यानात असू द्या.

आणि हेही मान्य करायला हवं की यूसीत गेल्यावर मेकॅनिकल दोनच वर्षांत होईल, असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. काही मुलांना एखादं क्वार्टर (यूसीच्या बहुतेक कॅम्पसवरचं छोटं सत्र), कधी वर्षभर जास्त लागतं. तयारी पूर्ण करून गेलेल्यांचं ते टळण्याची शक्यता जास्त, इतकंच मी म्हणू शकते.

कॉलेजनं तुम्हाला दारातून परत पाठवलं, त्याचं तुम्हाला लागलं आहे. नाशिकला असता तर प्राचार्यांना भेटला असतात, विभागप्रमुखांनी चहा पाजून सगळं समजावलं असतं. इथे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा 1974 चा फर्पा हा कायदा आड येतो. मुलगा कॉलेजात दाखल झाला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग वय काहीही असो आणि फी कुणीही भरो. त्यानं लेखी संमती दिल्याशिवाय कॉलेजवाले सहसा बोलत नाहीत. कॉलेजातल्या बाईंनी तुमचा अपमान केला असं मला वाटत नाही, तरी परक्या देशात आईला असं परतावं लागणं दुखतंच.

पण पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तुम्ही कौन्सिलरला विचारलंत, मिस्टरांच्या मित्राला विचारलंत, ह्यूस्टनच्या नणंदेला विचारलंत, मला विचारलंत. मुलाला काय वाटतं, हे पत्रात एकाच ओळीत आहे: "तो म्हणतो तिसरं वर्ष काढतो." तो हे आळसानं म्हणतोय, की त्यानं असिस्टची पानं वाचून हिशोब केला आहे? मला दुसरी शक्यता जास्त दिसते, कारण काय काय राहिलंय ते त्यानं तुम्हाला नेमकं सांगितलेलं आहे. बिझनेस सोडून तो मेकॅनिकलकडे आपण होऊन वळला, फिजिक्सची चूक त्यानं लपवली नाही. अशा मुलाशी एका रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन बसा आणि "तुला हे सगळं कसं दिसतं ते मला दाखव" म्हणा. मिस्टरांनाही बसवा. त्यांनी स्वतः आडवाटेनं इंजिनिअरिंग केलंय. त्या वाटेवर कुठे अडलं, कुणी हात दिला, हे मुलाला त्यांच्याकडून ऐकायला मिळालं तर त्याला धीर येईल. त्या दिवशी "वाया" हा शब्द घरात कुणी काढू नये, एवढं मात्र पाहा.

ज्यांची मुलं अजून एच-4 व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहेत, त्यांनी माझा हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. 21 पूर्ण झाल्यावर मूल आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही, आणि कम्युनिटी कॉलेजातलं तिसरं वर्ष नेमकं त्याच वाढदिवसाला येऊन भिडू शकतं. त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, मग कोर्स ठरवावेत.

तुमच्या बाबतीत, त्या विद्यापीठानं लेखी ऑडिट दिलं, त्यात डिग्रीला खरोखर चारच सेमिस्टर निघाली, स्कॉलरशिप शेवटपर्यंत टिकणारी असली आणि मुलालाही तिथे जावंसं वाटलं, तर त्याला खुशाल पाठवा, मी आनंदानं तुमच्या बाजूची असेन. डिपॉझिटची तारीख जवळ आली असेल तर मुदत वाढवून मागा; ऑडिट येईपर्यंत थांबतो असं मुलानं स्पष्ट लिहिलं तर बरीच विद्यापीठं ऐकतात. ईमेल या आठवड्यातच जाऊ द्या, आणि तोवर इथल्या कॉलेजात फॉलच्या फिजिक्सला नाव नोंदवून ठेवा. ते वर्ग लवकर भरतात, आणि फी परत मिळण्याच्या मुदतीत नाव काढता येतं.